फिरत्या घरातील कोळी आणि चावणारे कीटक

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकावरून समुद्राच्या दिशेने निघाले की तारापूर औद्योगिक वसाहत मागे टाकून आपण नवापूरच्या किनाऱ्यावर पोहोचतो. पालघर जिल्ह्याच्या या किनारपट्टीवर ‘कोळी’ हा शब्द उच्चारला की प्रथम डोळ्यांपुढे उभा राहतो तो जाळे घेऊन दर्यावर जाणारा मच्छीमार. आठ पायांचा जो इवला जीव हेच नाव धारण करतो, तोही जाळ्याच्याच आधारे आपला चरितार्थ चालवितो. परंतु त्याच्या वाट्याला कौतुकाऐवजी भीती येते, आणि ही भीती घरापेक्षाही फिरत्या घरात अधिक जाणवते.

फिरते घर म्हणजे शयन, स्वयंपाक व स्वच्छतागृह यांची सोय असलेले वाहन, अर्थात कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, आणि निवासाच्या पक्क्या सोयी नसलेल्या रम्य स्थळी मुक्काम करण्याचा हा मार्ग आपल्याकडेही परिचित होऊ लागला. अशा वाहनात रात्री अंगावर गांधी उठल्या, आणि सकाळी छताच्या कोपऱ्यात कोळी दिसला, की त्यालाच दोषी ठरवून औषध फवारण्याकडे प्रवाशांचा कल असतो. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो, आणि त्यावर योजलेला उपाय कित्येकदा कीटकापेक्षाही घातक ठरतो. म्हणून या विषयाचा शास्त्रीय दृष्टीने विचार करणे अगत्याचे आहे. ट्रकच्या केबिनमध्ये रात्र काढणारे चालक आणि मच्छीमार नौकेवर मुक्काम करणारे खलाशी यांनाही हे विवेचन उपयोगी पडेल.

कोळ्याची खरी ओळख

कोळी हा कीटक नव्हे. कीटकांना सहा पाय असतात, कोळ्याला आठ. विंचू, गोचीड व सूक्ष्म माइट हे त्याचे जवळचे आप्त होत. महाराष्ट्रातील घरांत सामान्यतः दिसणाऱ्या कोळ्यांपासून माणसास गंभीर इजा होत नाही. भिंतीवरून झपाट्याने पळणारा, चपट्या देहाचा, लांब पायांचा मोठा कोळी पाहून लहान मुले घाबरतात. त्याच्या मादीच्या पोटाखाली पांढरी, चपटी, गोल चकती दिसते. ती तिच्या अंड्यांची पिशवी असते. हा कोळी जाळे विणत नाही. तो रात्री हिंडून झुरळांची शिकार करतो. कोपऱ्यात विरळ जाळे विणणारा लांबटांग्या कोळी डास व माश्या पकडतो.

कोळी माणसाच्या रक्तावर जगत नाही. झोपलेल्या माणसाला शोधून चावण्याचे त्याला काही प्रयोजन नसते. अंगाखाली चिरडला गेला अथवा हाताने दाबला गेला, तरच तो दंश करण्याचा संभव असतो. तेव्हा वाहनात कोळ्यांची संख्या वाढली, तर त्याचा अर्थ एवढाच की तेथे त्यांना भक्ष्य विपुल मिळत आहे. नुसती जाळी झाडून हा प्रश्न सुटत नाही. भक्ष्य होणारे कीटक कोठून येतात, हे शोधावे लागते.

‘कोळी मुतला’ हा समज

अंगावर एकाएकी जळजळणारे फोड उठले की ‘कोळी मुतला’ असे म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. या समजुतीमागे बहुधा दोन निराळी कारणे असतात. पहिले कारण म्हणजे पावसाळ्यात दिव्याकडे येणारा, मुंगीसारखा लांबट, काळ्या व नारिंगी पट्ट्यांचा एक लहान भुंगेरा. तो चावत नाही. परंतु मानेवर वा हातावर बसला असता चिरडला गेला, तर त्याच्या शरीरातील दाहक द्रव्यामुळे दुसऱ्या दिवशी त्वचेवर लांबट चट्टा व फोड येतात. असा किडा अंगावर दिसल्यास तो न चिरडता फुंकरीने किंवा कागदाने दूर करावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

दुसरे कारण म्हणजे नागीण हा विषाणुजन्य रोग. यात शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे फोड येतात व तीव्र वेदना होतात. पुरळ दिसू लागल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू केल्यास त्याचा उत्तम उपयोग होतो. कोळ्याला दोष देत घरगुती लेप लावण्यात हे मोलाचे तास वाया जाऊ नयेत.

मग चावते कोण?

किनाऱ्यालगत मुक्काम असता प्रथम संशय घ्यावा तो डासांचा. हिवतापाचा प्रसार करणारे अ‍ॅनॉफिलीस डास रात्री चावतात, तर डेंग्यूचा एडिस डास दिवसा. एडिसला अंडी घालण्यास स्वच्छ पाण्याचा लहानसा साठाही पुरतो. वाहनाची उघडी पाण्याची टाकी, शीतपेटीखालचे तबक व बाहेर अडकविलेला जादा टायर ही त्याची आवडती ठिकाणे होत. अंड्यापासून डास तयार होण्यास अनुकूल हवेत साधारणपणे ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा ही सर्व पात्रे रिकामी करून, घासून कोरडी ठेवल्यास ही साखळी तुटते.

खाडीच्या चिखलाजवळ पहाटे व सायंकाळी सूक्ष्म चिलटांचा उपद्रव होतो. गोठ्याजवळच्या दमट मातीत व भिंतींच्या भेगांत वाळूमाशी आढळते. १९६५ मध्ये नागपूरजवळील चांदिपुरा गावी प्रथम आढळलेल्या विषाणूचा प्रसार वाळूमाशीमुळे होतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. हे दोन्ही जीव इतके लहान असतात की साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरतात. त्यांचे उड्डाण मात्र दुबळे असते. त्यामुळे वाहन खाजण व गोठे यांपासून दूर, वाऱ्याच्या मोकळ्या जागी उभे करणे आणि झोपताना पंखा चालू ठेवणे, हा साधा उपाय गुणकारी ठरतो.

सकाळी अंगावर ओळीने तीन-चार गांधी दिसल्या, तर ढेकणांचा शोध घ्यावा. गादीची शिवण, फळ्यांचे सांधे व खिळ्यांची भोके तपासावीत. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग ही त्यांची खूण होय. ढेकूण उडत नाही. तो सामानातून, जुन्या गादीतून आणि दुसऱ्यांच्या अंथरुणातून येतो. त्याच्यामुळे रोगप्रसार होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. परंतु तो अन्नाविना कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे वाहन काही आठवडे बंद ठेवल्याने त्याचा नाश होत नाही.

वाहनासोबत कुत्रा असेल, तर त्याच्या अंगावरून गोचीड आत येतात. दक्षिण कोकणात जाणाऱ्यांनी या बाबतीत विशेष जपावे. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात आढळलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातही त्याचा उद्रेक झाला होता.

प्रवेशद्वारे बंद करा

कीटकांना मारण्यापेक्षा त्यांना आत येऊ न देणे सोपे व स्वस्त असते. वाहनाच्या दारांभोवतीची रबरी पट्टी ऊन व खाऱ्या वाऱ्याने कडक होऊन चिरते. ती वेळच्या वेळी बदलावी. वायर व नळ तळातून जेथे आत येतात, तेथील फटी भराव्यात. हवेच्या झरोक्यांना बारीक जाळी बसवावी. मात्र झरोके कधीही पूर्णपणे बुजवू नयेत. दाराबाहेरचा दिवा पांढऱ्याऐवजी पिवळसर असावा, म्हणजे त्याकडे कमी कीटक येतात. कीटक कमी झाले की कोळीही आपोआप कमी होतात. उष्टे अन्न व कचरा रात्री आत ठेवू नये. सरपण, दगड व शंख-शिंपले आत आणण्यापूर्वी झटकून पाहावेत.

अंथरूण आठवड्याला कडक उन्हात घालावे. सुमारे ५० अंश सेल्सियस उष्णतेत ढेकूण व त्यांची अंडी मरतात. चादरी व अभ्रे उकळत्या पाण्यात धुवावेत. नुसते वाहन उन्हात उभे केल्याने मात्र हे काम भागत नाही, कारण गादीच्या आत व फळ्यांच्या सांध्यांत तेवढी उष्णता पोहोचत नाही. फळ्यांच्या भेगांवर वाफ सोडावी. ढेकणाची अंडी साधारण एक ते दीड आठवड्यात फुटतात. म्हणून दोन आठवड्यांनी हीच स्वच्छता पुन्हा करावी.

बंद केबिन आणि विषारी औषधे

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. चार मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच अशा वाहनात केवळ १६ घनमीटर हवा असते. चार मीटर लांबी-रुंदीच्या व तीन मीटर उंचीच्या खोलीत ती ४८ घनमीटर असते. म्हणजे घरात नेहमी जितके औषध फवारतो, तितकेच वाहनात फवारले तर हवेतील त्याचे प्रमाण तिप्पट होते. शिवाय त्याच हवेत मुले झोपतात आणि तेथेच अन्न शिजते. फवाऱ्याच्या डब्यांतील वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. शेगडी पेटलेली असता त्याचा वापर केल्यास आग लागण्याचे भय असते. दारे-खिडक्या लावून धुरी करणे अथवा डासांची अगरबत्ती जाळणेही घातक होय.

शेतीची औषधे तर वाहनात मुळीच आणू नयेत. धान्य साठवणुकीत वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून ओलाव्याच्या संपर्काने फॉस्फिन हा प्राणघातक वायू बाहेर पडतो, आणि त्यावर कोणताही नेमका उतारा उपलब्ध नाही. ढेकणांसाठी एके काळी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या डायक्लोरव्हॉस या औषधावर केंद्र शासनाने ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी घातली आहे. जुनी बाटली शिल्लक असली तरी ती वापरू नये. औषध वापरणे अपरिहार्यच झाले, तर परवानाधारक व्यावसायिकाकडून, वाहन रिकामे करून ते फवारून घ्यावे आणि पुरेशी हवा खेळल्यानंतरच आत प्रवेश करावा. झोपण्यासाठी औषधयुक्त मच्छरदाणी हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

दंश झाल्यास

साध्या दंशाची जागा साबणाने धुवून त्यावर गार पाण्याची पट्टी ठेवावी, खाजवू नये. गोचीड चिकटल्यास ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे अथवा तिला चटका देणे टाळावे.

विंचवाचा दंश मात्र वेगळा समजावा. बाहेर काढून ठेवलेली पादत्राणे घालण्यापूर्वी झटकावीत. दंशानंतर भरपूर घाम, उलट्या किंवा हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास, विशेषतः रुग्ण लहान मूल असल्यास, क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळच कमी झाले आहेत. परंतु रुग्ण वेळेवर पोहोचला, तरच त्या औषधाचा लाभ होतो.

हिवतापाची लक्षणे डास चावल्यानंतर बहुधा १० ते १४ दिवसांनी प्रकट होतात. तोवर सहल आटोपून कुटुंब घरी परतलेले असते. म्हणून परतल्यावर महिन्याभरात थंडी वाजून ताप आला, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ततपासणी करून घ्यावी आणि आपण कोठे मुक्काम केला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही तपासणी व उपचार तेथे विनामूल्य होतात.

नवापूरच्या किनाऱ्यावर रात्र काढून सकाळी छताशी कोळी दिसलाच, तर त्यावर एक पेला पालथा घालावा, खालून जाड कागद सरकवावा आणि त्यास बाहेरच्या झाडावर सोडून द्यावे. त्यानंतर गादीची शिवण, पाण्याची टाकी व दाराची रबरी पट्टी तपासावी. रात्री कोण चावले, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडेल.