कातडे उतरवताना सुरीचा हात

जनावराच्या कातड्याची किंमत चर्मालयात ठरते असा सर्वसाधारण समज असला, तरी तिचा मोठा भाग त्याआधीच, म्हणजे कातडे अंगावरून उतरवले जात असताना, सुरी धरणाऱ्या हाताने ठरवलेला असतो. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मराठवाड्याच्या उस्मानाबादी शेळीच्या प्रदेशात मोडतो आणि बहुतांशी काळ्या रंगाच्या या शेळीचे कातडे हा मांसविक्रीच्या धंद्यातला दुय्यम, पण बाजारमूल्य असलेला माल आहे.

कातड्याचे तीन थर असतात. केसांसह वरचा थर चुन्याच्या पाण्यात सैल होऊन निघून जातो, मांसाला चिकटलेला खालचा थर खरवडून टाकला जातो आणि कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची घट्ट वीण असलेला मधला थर तेवढा शिल्लक राहून कमावल्यावर चामडे होतो. आतल्या बाजूने सुरी लागली की खाच थेट या मधल्या थरात जाते. ओल्या कातड्यात ती सहसा नजरेस पडत नाही. परंतु कातडे ताणले किंवा तासून पातळ केले की तिथेच भोक पडते आणि ते कमावण्याच्या कोणत्याही सालीने अथवा रसायनाने बुजत नाही.

म्हणूनच कसबी खाटीक सुरीचा उपयोग जितका टाळता येईल तितका टाळतो. रक्त वाहून गेल्यावर बकरा मागच्या पायांनी उलटा टांगला जातो, मांड्यांच्या आतल्या बाजूने आणि शेपटीखालून पोटाच्या मध्यरेषेने गळ्यापर्यंत एकच सरळ चीर दिली जाते आणि मग सुरी बाजूला ठेवून काम मुठीवर सोपवले जाते. आधी अंगठा, नंतर आवळलेली मूठ कातडे आणि मांस यांच्यामध्ये सरकवून दाब दिला की दोहोंमधला पातळ पांढरा पापुद्रा सुटत जातो आणि कातडे खाली ओढता येते. जिथे ते हाडाजवळ घट्ट चिकटलेले असते, तिथेच पुन्हा पाते लागते. त्यासाठी टोकदार सुरीपेक्षा बोथट टोकाची, वक्र पात्याची सुरी बरी, कारण तिचे टोक रुतत नाही. धार मांसाकडे झुकवली तर कातडे वाचते आणि कातड्याकडे झुकवली तर मांस वाचते. मिळकत मांसावर अवलंबून असलेल्या माणसाचा हात घाईत कोणत्या बाजूला झुकेल, हे उघड आहे.

मेलेल्या गुरांच्या बाबतीत काम अधिक अवघड होते. बैलांच्या कत्तलीवर महाराष्ट्रात 2015 पासून बंदी असल्याने बैलाचे कातडे नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच मिळते. त्याचे रक्त शिरांतच राहिल्याने कुजण्याची क्रिया लवकर सुरू होते, अंग ताठल्यावर मूठ चालत नाही, सुरी जास्त लागते आणि जनावर जमिनीवरून ओढत नेले असेल तर केसांच्या बाजूचा पृष्ठभाग खरवडून निघतो.

कातड्याला कमीत कमी इजा व्हावी ही चिंता शिकाऱ्यांनाही असते. आपल्याकडे कोल्ह्या-लांडग्यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. परंतु उत्तर अमेरिकेत कायोटी या त्यांच्या जातभाईची शिकार केसाळ कातड्यासाठी होते आणि तिथे गोळीची निवड याच हिशेबाने केली जाते. पातळ कवचाची, हलकी व वेगवान गोळी शरीरात शिरल्यावर फुटते आणि बहुधा पलीकडून बाहेर पडत नाही, त्यामुळे कातड्याला एकच लहान छिद्र पडते. मात्र तीच गोळी खांद्याच्या हाडावर आदळून वरच्यावर फुटली तर मोठी जखम होते. साधन आणि ते लागण्याची जागा या दोहोंचा विचार खाटकाला आणि शिकाऱ्याला सारखाच करावा लागतो.

उतरवलेले कातडे उन्हाळ्यात काही तासांतच सडू लागते. त्यामुळे ते मांसाची बाजू वर करून पसरावे लागते आणि त्याच्या वजनाच्या साधारण 40 ते 50 टक्के मीठ कडांपर्यंत चोळावे लागते; मीठ पाणी ओढून घेते आणि जिवाणूंची वाढ रोखते.

हे ज्ञान शतकानुशतके जातीने लादले आणि जातीनेच हीन ठरवले, त्यामुळे ज्यांनी ते काम सोडले त्यांनी स्वाभिमानाचाच मार्ग धरला. 1930 च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी मृत जनावरांच्या कातड्याचे काम शास्त्रशुद्धपणे चालवले, ते या कामाकडे जन्माने आलेले काम म्हणून नव्हे, तर कौशल्य म्हणून पाहता येते हे दाखवणारे होते. त्या दृष्टीची आजही गरज आहे. खाच नसलेल्या कातड्याला खाच पडलेल्या कातड्यापेक्षा जास्त भाव मिळाला आणि त्या वाढीव भावातला वाटा सुरी धरणाऱ्यापर्यंत पोहोचला, तरच धार मांसाकडे झुकवण्याची काळजी त्याला परवडेल.