सामायिक डेटा-वाहिन्या : एडीसी व एलसीडी यांच्या जोडणीचे तत्त्व आणि पथ्ये

प्रास्ताविक

विज्ञान शाखेतील विद्यार्थी प्रकल्पासाठी तापमान किंवा प्रकाशतीव्रता मोजून ती पडद्यावर दाखविणारे उपकरण वारंवार निवडतात. अशा उपकरणाचे मुख्य घटक तीन : संवेदकाकडून आलेल्या विद्युतदाबाचे अंकांत रूपांतर करणारा सदृश-अंकीय परिवर्तक म्हणजेच एडीसी, त्या अंकांवर प्रक्रिया करणारा मायक्रोकंट्रोलर आणि उत्तर दाखविणारा एलसीडी डिस्प्ले. एडीसी व एलसीडी या दोहोंनाही सर्वसाधारणपणे आठ-आठ डेटा-वाहिन्या लागतात. या वाहिन्या सामायिक ठेवणे का आवश्यक ठरते आणि त्यासाठी कोणती पथ्ये पाळावी लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाहिन्यांचा हिशेब

इंटेल कंपनीने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ या मायक्रोकंट्रोलरला ४० पिना असून त्यांपैकी ३२ पिना माहितीच्या देवाणघेवाणीसाठी वापरता येतात. तेथे स्वतंत्र जोडणी परवडते. मात्र त्याच कुळातील, एटमेल कंपनीने बाजारात आणलेल्या एटी८९सी२०५१ या २० पिनांच्या लहान चिपवर अशा वाहिन्या केवळ १५ आहेत. एडीसी ०८०४ साठी ८ डेटा-वाहिन्या आणि आरडी, डब्ल्यूआर व आयएनटीआर या ३ नियंत्रण-वाहिन्या, अशा ११ वाहिन्या लागतात. एचडी४४७८० नियंत्रक असलेल्या एलसीडीसाठी ८ डेटा-वाहिन्या आणि आरएस व ई या २, अशा १० लागतात. एकूण बेरीज २१ होते. एलसीडी चार-बिट पद्धतीने चालविला तरी ती १७ वर येऊन थांबते. आठही डेटा-वाहिन्या सामायिक ठेवल्यास मात्र १३ वाहिन्यांत काम भागते आणि उरलेल्या दोन वाहिन्या संगणकाशी अनुक्रमिक संपर्क साधण्यासाठी मोकळ्या राहतात.

तिसरी अवस्था

अंकीय परिपथाची निर्गम-पिन सामान्यतः ० किंवा १ या दोनच अवस्थांत असते. अशा दोन पिना एकमेकींस जोडल्या आणि एकीवर ०, तर दुसरीवर १ असेल, तर त्यांच्यामधून अवाजवी प्रवाह वाहतो व वाहिनीवरील दाब विश्वासार्ह राहत नाही. म्हणून सामायिक वाहिनीचा मूलभूत नियम असा की, श्रोते कितीही असोत, एका वेळी बोलणारा एकच असावा.

हा नियम पाळता यावा म्हणून एडीसी ०८०४ च्या डेटा-पिनांना तिसरी अवस्था दिलेली आहे. या अवस्थेत पिन वाहिनीपासून जणू अलग होते. सीएस व आरडी या दोन्ही पिना ० असतील तेव्हाच एडीसी बोलतो. एलसीडीची आर/डब्ल्यू पिन भूमीस जोडली की तो कायमचा श्रोता बनतो. ई पिन १ वरून ० वर येताना वाहिनीवर जे असेल तेवढेच तो स्वीकारतो.

तिसरा सहभागी म्हणजे स्वतः मायक्रोकंट्रोलर. त्याच्याकडे बहुधा दुर्लक्ष होते. ८०५१ कुळातील पोर्टवर ० लिहिल्यास ती पिन जोराने खाली ओढली जाते. १ लिहिल्यास मात्र ती क्षीणपणे वर धरलेली राहते आणि बाहेरचा घटक तिला सहज खाली आणू शकतो. म्हणून एडीसी वाचण्यापूर्वी पोर्टच्या आठही पिनांवर १ लिहिणे अनिवार्य आहे. एटी८९सी२०५१ मध्ये पोर्ट १ च्या पहिल्या दोन पिनांना अंतर्गत पुल-अप नसल्याने तेथे सुमारे १० किलोओहमचे बाह्य रोध जोडावे लागतात.

क्रियांचा क्रम

डब्ल्यूआर वर स्पंद देताच रूपांतर सुरू होते. १० किलोओहम व १५० पिकोफॅरड ही प्रचलित जोडी वापरल्यास त्यास १०० मायक्रोसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. या काळात आरडी १ असल्याने वाहिन्या मोकळ्या असतात व एलसीडीवर लिहिता येते. आयएनटीआर ० झाल्यावर वाचनाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा : ई पिन ० असल्याची खात्री करणे, पोर्टवर सर्व १ लिहिणे, आरडी ० करणे, पोर्ट वाचणे, आरडी पुन्हा १ करणे आणि त्यानंतरच पोर्टवर एलसीडीसाठी नवा संकेत ठेवणे.

आरडी ० झाल्यावर २०० नॅनोसेकंदांच्या आत माहिती उपलब्ध होते. १२ मेगाहर्ट्झ स्फटिकावर मायक्रोकंट्रोलरचे एक यंत्रचक्र १ मायक्रोसेकंदाचे असल्याने येथे वेगळा विलंब लागत नाही. एलसीडी मात्र संथ आहे. बहुतेक आज्ञांना सुमारे ४० मायक्रोसेकंद, तर पडदा पुसण्यास सुमारे १.५ मिलीसेकंद लागतात. आर/डब्ल्यू भूमीस जोडल्यामुळे त्याची व्यग्रता वाचता येत नाही. म्हणून पुरेसा विलंब प्रोग्राममध्येच द्यावा लागतो.

संभाव्य दोष

समजा, एलएम३५ संवेदकाद्वारे ५३ अंश तापमान मोजले जात आहे आणि एडीसीची एक पायरी १० मिलिव्होल्टची ठेवली आहे. एडीसी ००११०१०१ हा संकेत देतो. पडद्यावर शेवटचे अक्षर रोमन लिपीतील ‘सी’ लिहिले असेल, तर पोर्टवर ०१००००११ शिल्लक असते. सर्व १ लिहिण्यास विसरल्यास जेथे पोर्टवर ० आहे तेथे बहुधा ० च वाचला जातो. परिणामी ०००००००१, म्हणजे केवळ १ अंश तापमान दिसते! चिप सदोष नसते. क्रम सदोष असतो.

दुसरा दोष म्हणजे आरडी ० असताना ई वर स्पंद जाणे. ५३ हाच ‘५’ या आकड्याचाही संकेत असल्याने पडद्यावर अकारण ५ उमटतो. आरएस ० असेल आणि एडीसीचे वाचन १ असेल, तर ती पडदा पुसण्याची आज्ञा ठरते. तिसरी बाब वीज सुरू होतानाची आहे. त्या क्षणी सर्व पिना १ असतात, ई देखील. म्हणून प्रोग्रामने प्रथम ई ० करावी, थोडे थांबावे आणि मगच एलसीडीला प्रारंभिक आज्ञा द्याव्यात.

समारोप

आज अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये एडीसी अंतर्भूत असल्याने ही जोडणी प्रत्येक प्रकल्पात अपरिहार्य राहिलेली नाही. तथापि, संगणकातील स्मृती व इतर घटक ज्या सामायिक मार्गांवर काम करतात, तेथेही ‘एका वेळी एकच वक्ता’ हा नियम लागू असतो. येथे तो अवघ्या आठ तारांवर प्रत्यक्ष पाहता येतो. प्रोग्राम लिहिण्यापूर्वी प्रत्येक पायरीवर कोण बोलतो, कोण ऐकतो आणि कोण अलग असतो, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास बरेचसे दोष जोडणीपूर्वीच उघड होतील आणि चांगल्या चिपा विनाकारण बदलल्या जाणार नाहीत.