मिनँडर (ग्रीक व्यक्तिनाम)

मिनँडर (ग्रीक रूप: मेनांद्रोस) हे प्राचीन ग्रीक जगात प्रचलित असलेले पुरुषनाम आहे. ‘टिकून राहणे’ या अर्थाचे क्रियापद आणि ‘पुरुष’ या अर्थाचे नाम यांपासून ते बनले आहे. अथेन्सचा नाटककार मिनँडर आणि वायव्य भारतात राज्य करणारा मिनँडर पहिला हे या नावाचे सर्वांत प्रसिद्ध पुरुष होत. त्यांच्यात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर असून परस्परांशी कोणताही ज्ञात संबंध नाही.

नामसाम्य आणि ओळख

प्राचीन ग्रीकांत आडनावाची पद्धत नव्हती आणि नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा रूढ होती. त्यामुळे एकच नाव वारंवार आढळते. व्यक्ती ओळखण्यासाठी पित्याचे किंवा नगराचे नाव जोडले जाई, तर राजांना बिरुदे असत. ‘पहिला’, ‘दुसरा’ असे क्रमांक आधुनिक इतिहासकारांनी दिलेले आहेत.

राज्यकर्ते

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये लिडिया प्रांताचा कारभार मिनँडर नावाच्या आपल्या अधिकाऱ्याकडे सोपविला होता.

मिनँडर पहिला (इ.स.पू. दुसरे शतक) हा हिंद-ग्रीक राजांपैकी सर्वांत विख्यात होय. त्याची राजधानी सागल म्हणजे आजचे सियालकोट, असे सामान्यतः मानले जाते. त्याने भारतात अलेक्झांडरपेक्षा अधिक जमाती जिंकल्या, असे भूगोलकार स्ट्रेबोने नोंदविले आहे. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ यात भिक्षू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद तो हाच होय. ‘पेरिप्लस’ या प्रवासग्रंथानुसार इ.स.च्या पहिल्या शतकातही त्याची नाणी भडोच बंदरात चालत होती.

मिनँडर दुसरा हा इ.स.पू. पहिल्या शतकातील राजा असावा. काही अभ्यासकांनी हे दोन्ही राजे एकच मानले होते. येथे बिरुदे निर्णायक ठरतात. पहिल्याच्या नाण्यांवर ग्रीक भाषेत ‘सोटेर’ व खरोष्ठी लिपीत ‘त्रातार’ (रक्षणकर्ता) असे, तर दुसऱ्याच्या नाण्यांवर ‘दिकाइओस’ व ‘धर्मिक’ (न्यायी, धार्मिक) असे लिहिलेले आढळते.

लेखक

अथेन्सचा मिनँडर (सु. इ.स.पू. ३४२–२९०) हा डायोपीथीसचा पुत्र व ग्रीक ‘नव्या सुखात्मिके’चा प्रमुख नाटककार होता. त्याने शंभराहून अधिक नाटके लिहिली, परंतु स्पर्धांत त्याला केवळ आठ विजय मिळाले. प्लॉटस आणि टेरेन्स या रोमन नाटककारांनी त्याच्या नाटकांची लॅटिन रूपांतरे केली. मूळ नाटके मध्ययुगात नष्ट झाली होती. इजिप्तमधील पपायरसांवरून ‘डिस्कोलोस’ (तिरसट माणूस) हे जवळजवळ संपूर्ण नाटक १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले.

एफेससचा मिनँडर या इतिहासकाराने टायरच्या राजांविषयी लिहिले. त्याचा मजकूर मुख्यतः जोसेफसच्या अवतरणांतून ज्ञात आहे. लाओडिसियाचा मिनँडर हा वक्तृत्वशास्त्रज्ञ होता. प्रशंसापर भाषणांवरील दोन ग्रंथ त्याच्या नावावर आहेत, मात्र ते एकाच लेखकाचे आहेत का, याविषयी मतभेद आहेत. सहाव्या शतकातील मिनँडर प्रोटेक्टर याने इ.स. ५५८ ते ५८२ या काळाचा बायझंटाईन इतिहास लिहिला. त्याचे केवळ उतारे उरले आहेत.

भारतीय रूपे

प्राकृतात या नावाचे ‘मेनंद्र’ व ‘मिनद्र’ असे, तर पालीत ‘मिलिंद’ असे रूप झाले. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिळालेले ‘मिलिंद’ हे नाव या राजावरून आले आहे. त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ‘भुंगा’ या अर्थाचा संस्कृत ‘मिलिंद’ शब्द उच्चाराने सारखा असला, तरी राजाचे नाव त्यावरून आलेले नाही.