मसुराएवढा खबऱ्या

जानेवारीतली म्हैसूरची पहाट. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच वसलेलं हे शहर दुपारी २८ अंशांवर घाम काढतं आणि पहाटे १६-१७ अंशांवर शाल शोधायला लावतं. अशा वेळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात पाय बुडवावा, तर पाणी गारठलेलं. वीज आहे, पंप फिरतोय, पण हीटर ढिम्म. पडद्यावर सेन्सर बिघडल्याची खूण.

हा सेन्सर म्हणजे बहुधा थर्मिस्टर. मँगनीज, निकेल, कोबाल्ट अशा धातूंच्या ऑक्साइडांचा भाजून घट्ट केलेला, मसुराच्या दाण्याएवढा मणी. तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते, अंशामागे सुमारे ०.४ टक्के. या मण्याची तऱ्हा उलटी. तो तापला की त्यातल्या इलेक्ट्रॉनांना जागचं हलणं सोपं जातं आणि रोध अंशामागे ४ टक्क्यांच्या आसपास घटतो. सिल्व्हर सल्फाइडचं असलं उफराटं वागणं मायकेल फॅरडेने १८३३ मध्येच टिपलं होतं.

म्हणजे पाण्याची ऊब हीटरला थेट कधी कळतच नाही. त्याच्यापर्यंत पोचतो तो फक्त रोधाचा आकडा. पुष्कळ हीटरांत २५ अंशांना १० हजार ओहम असणारा मणी असतो. २८ अंशांना तो पावणेनऊ हजारांच्या आसपास येतो. आता जोडावर हिरवा कळंक चढला आणि वाटेत बाराशे ओहम वाढले, तर २८ अंशांचं पाणी हीटरला २५ अंशांचं वाटतं आणि तो तापवतच राहतो. उलट पावसाचा ओलावा जोडात शिरला, तर विजेला चोरवाट मिळते, रोध कमी दिसतो आणि गार पाणीही ऊन भासतं. वायर तुटली तर रोध अनंत, म्हणजे जणू हिमयुग! दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर रोध शून्य, जणू भट्टी. असला अशक्य निरोप आला की शहाणा हीटर काम थांबवतो.

म्हणून जाणता मिस्त्री आधी वीज बंद करतो, मग सेन्सरची वायर सोडवून मल्टीमीटर लावतो. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून ढवळलं की शून्य अंश हाताशी येतो. त्यात हाच मणी ३२-३३ हजार ओहम दाखवायला हवा. तेवढे दाखवले तर मणी निर्दोष. खोट वायरीत, जोडात किंवा कंट्रोल बोर्डात शोधायची.

मग तो मणी पुसून मुठीत धरावा. आकडा घसरू लागतो, दहा हजारांखाली उतरून सात हजारांकडे सरकतो. तळहाताची ऊब अशी ओहमांत मोजली जाताना पाहिली की पाण्यात उतरायचं क्षणभर राहूनच जातं.