विश्लेषण : नोकियाचा फोन गेला, तरी ओउलू शहर कसे तरले? पालिका-विद्यापीठ भागीदारीची 40 वर्षे

17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टने जगभरातील 18 हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनीने नोकियाचा मोबाइल व्यवसाय ताब्यात घेतला होता. या घोषणेत फिनलंडमधील ओउलू शहरातले फोन विकसित करणारे केंद्र बंद होणार, हेही होते. सुमारे 500 नोकऱ्या जाणार होत्या. मुंबई-पुण्याच्या हिशेबात हा आकडा किरकोळ वाटेल. पण ओउलूची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास आहे, आणि नोकियाची आधीची कपात तिथे पचलीही नव्हती. शहरातील बेरोजगारीचा दर दोन आकडी होता.

आज हेच शहर 6जी संशोधनासाठी ओळखले जाते. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर 1982 मध्ये जावे लागते.

ओउलू आहे कुठे?

हेलसिंकीपासून साधारण 600 किलोमीटर उत्तरेला, समुद्रकाठी. एकोणिसाव्या शतकात लाकडी जहाजांना लागणारे डांबर येथून युरोपभर जात असे. पुढे कागद आणि लाकूड उद्योग आले. 1958 मध्ये येथे विद्यापीठ स्थापन झाले, ते प्रामुख्याने मागास उत्तर भागातील तरुणांनी दक्षिणेकडे जाऊ नये म्हणून. 1974 मध्ये व्हीटीटी या सरकारी तांत्रिक संशोधन संस्थेची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आली. नोकियाचे कामही त्याच दशकात सुरू झाले.

पालिकेने नेमके काय केले?

1982 मध्ये पालिकेच्या पुढाकाराने, विद्यापीठ आणि स्थानिक उद्योगांना सोबत घेऊन ‘तंत्रज्ञान ग्राम’ नावाची कंपनी स्थापन झाली. नॉर्डिक देशांतील हे पहिले विज्ञान पार्क मानले जाते. पुढे ते लिनानमा येथे विद्यापीठाला लागूनच विस्तारले.

यातली ‘लागूनच’ ही गोष्ट महत्त्वाची. प्राध्यापक, व्हीटीटीचा संशोधक आणि नवी कंपनी काढणारा माजी विद्यार्थी एकमेकांकडे चालत जाऊ शकत होते. आमच्या अभियांत्रिकीच्या काळात कॉलेज आणि उद्योग यांच्यातला सामंजस्य करार म्हणजे व्यासपीठावरचा फोटो आणि वर्षातून एक ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’. ओउलूत करारापेक्षा अंतर कमी करण्यावर भर होता.

त्यातून काय निघाले, याची दोन उदाहरणे. विद्यापीठातील सेप्पो सायनायाकांगास यांनी 1977 मध्ये शेजारच्या केम्पेले गावात ‘पोलर’ कंपनी सुरू केली. खेळाडूंसाठी वायरलेस हृदयगती मोजण्याचे तंत्र तिने बाजारात आणले. म्हणजे ही कंपनी पार्कच्याही आधीची. पालिकेने जे पेरले त्याला जमीन आधीच तयार होती. दुसरे उदाहरण 1988 चे. यार्को ओइकारिनेन या विद्यार्थ्याने विद्यापीठात काम करताना ‘आयआरसी’ ही इंटरनेटवरील गटचॅटची प्रणाली लिहिली. आजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपची ती पूर्वज म्हणता येईल. तिच्यातून शहराला थेट पैसा मिळाला नाही, हेही खरे.

पालिकेला यात रस का?

उत्तर करात आहे. फिनलंडमध्ये रहिवाशांच्या उत्पन्नावर पालिका स्वतः कर लावते. 2022 मध्ये त्याचा देशातील सरासरी दर 20 टक्क्यांच्या आसपास होता. (2023 पासून आरोग्यसेवा प्रादेशिक यंत्रणांकडे गेल्याने तो बराच खाली आला.) म्हणजे शहरात एका अभियंत्याला चांगली नोकरी लागली की त्याच्या पगाराचा हिस्सा थेट पालिकेच्या तिजोरीत. नोकरी गेली की तिजोरीही हलकी.

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्र सरकार गोळा करते. महापालिकेची भिस्त मालमत्ता कर आणि जीएसटीपोटी मिळणाऱ्या अनुदानावर. आयटी पार्कही एमआयडीसी उभारते. त्यामुळे ओउलूचे मॉडेल उचलून आणा म्हणणाऱ्यांनी आधी हा फरक पाहावा.

मग चूक कुठे झाली?

दोन ठिकाणी. नोकिया वाढत गेली तसे शहर तिच्याभोवती फिरू लागले. छोट्या कंपन्यांनाही कामे मिळत ती बहुतेक नोकियाचीच. विविधता कागदावर होती, ग्राहक मात्र एकच. आणि तंत्रज्ञान ग्रामाची कंपनी पुढे ‘टेक्नोपोलिस’ नावाने 1999 मध्ये हेलसिंकी शेअर बाजारात आली. मग ती इतर शहरांत आणि परदेशांतही कार्यालयीन जागा भाड्याने देऊ लागली. धंदा म्हणून ते योग्य असेल. पण नवउद्योजकाला सांभाळून घेणारी संस्था आणि भागधारकांना उत्तर देणारी घरमालक कंपनी यांत फरक असतोच.

सावरले कसे?

फोन गेले, पण रेडिओ तंत्रज्ञान जाणणारी माणसे आणि विद्यापीठ जागेवरच होते. पालिका, विद्यापीठ, व्हीटीटी आदींनी 2009 मध्येच ‘ओउलू इनोव्हेशन अलायन्स’ हा करार केला होता. पालिकेच्या ‘बिझनेस ओउलू’ या यंत्रणेने नोकरी गमावलेल्यांना कंपन्या काढायला मदत केली. झोपेची नोंद ठेवणारी ‘औरा’ अंगठी बनवणारी कंपनी 2013 मध्ये येथेच सुरू झाली. 2014 पासून ‘पोलर बेअर पिचिंग’ ही स्पर्धाही भरू लागली. त्यात गोठलेल्या पाण्यातील खड्ड्यात उभे राहून गुंतवणूकदारांना आपली कल्पना सांगायची. वेळेची मर्यादा नाही, थंडी सोसेल तितके बोला.

सगळ्यांचे भले झाले असे नाही. पन्नाशीतल्या अनेक अभियंत्यांना पूर्वीच्या पगाराची नोकरी मिळणे अवघड होते आणि काहींनी शहर सोडले. नवी कंपनी पाच-दहा जणांना घेते, जुने केंद्र शेकडोंना सोडते. हा हिशेब जुळायला वर्षे लागतात.

6जीचा भारताशी संबंध काय?

2018 मध्ये विद्यापीठात ‘6जी फ्लॅगशिप’ हा राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम सुरू झाला. आपल्या ‘भारत 6जी अलायन्स’नेही त्याच्याशी सहकार्य करार केला आहे.

दरम्यान, मोबाइल नेटवर्कची उपकरणे बनवणारी नोकिया ओउलूत टिकून होतीच. सप्टेंबर 2025 मध्ये तिने सुमारे 3 हजार कर्मचाऱ्यांसाठी नवा परिसर सुरू केला.  एकाच मोठ्या कंपनीवर शहराने पुन्हा किती विसंबायचे, ही चर्चा त्यामुळे पालिकेला नव्याने करावी लागणार आहे.