उरणचीं मिठागरें व पेट्यांचें बंदर

नव्या यंत्राशीं एखादा धंदा कसा जुळवून घेतो, हें ठरवितांना त्या धंद्याचीं हत्यारें तेवढीं पाहण्याचा प्रघात आहे. उरणचा इतिहास पाहतां ही दृष्टि अपुरी आहे, असें आम्हांस वाटतें.

येथील मिठागरांची कृति अशी: उधाणाच्या भरतीचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, वाफ्यावाफ्यांतून खेळवून उन्हानें दाट करावयाचें, आणि तुडवून घट्ट केलेल्या अखेरच्या वाफ्यांत धरलेलें मीठ लांकडी हत्यारानें ओढून काढावयाचें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खाराघोड्याचें मीठ आगगाडीनें देशांतील मुलखांत जाऊं लागलें. तरी उरणची कृति फारशी बदलली नाहीं. ऊन, वारा व भरती यांहून स्वस्त यंत्र कोणतें मिळणार?

खरा पालट दुसऱ्याच धंद्यांतून आला. २६ एप्रिल १९५६ रोजीं 'आयडियल एक्स' हें जहाज मालानें भरलेल्या ५८ धातूच्या पेट्या, म्हणजे कंटेनर, घेऊन अमेरिकेंतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालें. गोणी पाठीवर वाहणाऱ्या हमालाचें काम पुढें यारीकडे गेलें. पेट्या रचण्यास मात्र धक्क्यामागें विस्तीर्ण मोकळी जागा लागते. मुंबईच्या प्रिन्सेस (१८८०) व अलेक्झांड्रा (१९१४) या गोद्यांभोवतीं शहर दाटलेलें. म्हणून त्याच खाडीच्या पूर्वतीरावर न्हावाशेवा येथें नवें बंदर उभारण्यांत आलें. तें २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. ज्या सखल सपाटीमुळें मिठागरें शक्य झालीं, तीच सपाटी पेट्यांस हवी होती.

यावरून आमचें अनुमान असें: नौवहनाच्या धंद्यानें जुळवून घेतलें, कारण त्यास जागा बदलतां आली. आगऱ्याचें कौशल्य मात्र त्याच्या बांधाशीं व भरतीशीं जखडलेलें. तें यारीच्या कामीं उपयोगी पडेना. जानेवारी १९८४ मध्यें दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेलें आंदोलन व गोळीबारांत पडलेले पांच शेतकरी यांकडे केवळ जमिनीच्या भावाचा तंटा म्हणून पाहणें न्याय्य नव्हे. पुढें शासनानें संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचें धोरण स्वीकारलें. भूखंडानें जमिनीची भरपाई कांहीं अंशीं होते. गेलेल्या विद्येची होत नाहीं. म्हणून उरलेल्या मिठागरांचे नकाशे, मापें व आगऱ्यांचे शब्द वेळींच टिपून ठेवणें, हें इतिहाससंशोधकांचें कर्तव्य होय.