शाळेची घंटा पुन्हा वाजली तेव्हा

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपं लागली, तेव्हा वाटलं होतं, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. आता हिशेब करा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल दुसरीचं वर्ष निम्मं सरल्यावर आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसलं!

माझी भाची पाथर्डी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी कवी माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेलो. शाळा उघडल्यावर तिनं मुलांना कविता ऐकवायला बोलावलं. जाताना बजावलं, "मामू, मोठ्यानं म्हणा. पोरं मुकी झालीत." खरंच होतं ते. आणखी एक गोष्ट तिथं कळली. बाईंच्या तोंडाला मास्क, त्यामुळे जीभ कुठे टेकते ते दिसत नाही. मग 'ण' आणि 'न' यांतला फरक मुलांना कळावा कसा? लहान मूल भाषा कानांनी शिकतं तसं डोळ्यांनीही शिकतं, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं.

पण अर्धे बाक रिकामेच होते. पाथर्डी-शेवगाव हा ऊसतोड्यांचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे कोयते कारखान्यांकडे निघतात. म्हणजे शाळा उघडली तोवर मुलं आईबापांबरोबर उसाच्या फडात पोचलेली होती. मोबाईलवरचं शिक्षण त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतंच. आता शाळाही हुकली.

याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं मात्र जून २०२१ मध्येच शाळा सुरू केली होती. कशी? दुसऱ्या लाटेत त्या गावातही रुग्ण निघाले. गावकऱ्यांनी पथकं केली, घरोघर चौकशी केली, लक्षणं दिसताच तपासणी आणि विलगीकरण केलं. मे महिन्यात गाव कोरोनामुक्त झालं. मग पालक, शिक्षक आणि गाव यांनी मिळून शाळेचं ठरवलं. महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत आठवीपासूनचे वर्ग भरवायला सरकारनं परवानगी दिली ती त्यानंतर, १५ जुलैपासून.

आदर्श गाव म्हटलं की आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण ही शिस्त एका वर्षात आलेली नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा त्या गावाची शाळा चौथीपर्यंतच होती. सुरुवातीच्या कामांत शाळेचं काम होतं; लोकांनी जमीन दिली, श्रमदान केलं. पुढे नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आली. पाऊस किती पडला, पाणी किती उरलं, याचा हिशेब तिथं शाळेतली मुलंसुद्धा करतात. पाणी कमी असेल तर कोणतं पीक घ्यायचं नाही, हे ग्रामसभेत ठरतं आणि सगळे पाळतात. जे गाव तीस वर्षं पाण्यासाठी एकमेकांचं ऐकत आलं, ते साथीतही ऐकणारच. त्या गावात मुसलमानांचं घर एकच, त्यांच्यासाठी गावानं मशीद बांधून दिली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण २०२० च्या उन्हाळ्यात आजाराला धर्म चिकटवणारी माणसं मीही पाहिली होती.

भाचीच्या गावाकडे अशी तीस वर्षांची पुंजी नव्हती. तिथं एका संध्याकाळी पालकांची बैठक झाली. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते एवढंच : ज्यांच्या आज्या घरी आहेत त्यांनी नातवंडं परत बोलवून घ्यायची, उरलेली मुलं उन्हाळ्यात परतली की त्यांचा वर्ग संध्याकाळी घ्यायचा. शाळेतली वीज तुटलेली. मारुतीच्या देवळाच्या पंचांनी सभामंडप दिला, दिव्याची सोय केली.

कोयते परतले, तसा मार्चअखेरीस वर्ग सुरू झाला. रमजान लागल्यावर भाचीचा रोजा असायचा. इफ्तारची वेळ झाली की समोरच्या घरातली आजी खजूर आणि पाणी आणून ठेवायची आणि तेवढा वेळ स्वतःच मुलांकडून पाढे म्हणून घ्यायची. आजीला लिहिता येत नाही. पाढे मात्र तीसपर्यंत तोंडपाठ!